प्रेमाचं रक्त आणि माझं

४ जानेवारी १९८२, सोमवार

प्रेमा पुन्हा वॉर्डात. थंडी वाढली की ठरलेलंच — आधी पायाच्या नळ्या, मग पाठ, मग सगळं अंग. बाबांनी तिला उचलून रिक्षात घातलं, आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी सायकल हाणत मागून. हुडकेश्वर रोडपासून हॉस्पिटलपर्यंत आईने एकदाही वळून पाहिलं नाही, मी येते आहे की नाही ते. मोठीला काय होतंय! मोठी धडधाकट.

प्रयोगशाळेत आज नवे डॉक्टर आले. डॉ. घुशे, मुंबईहून. सिकलच्या — म्हणजे प्रेमाच्याच — आजाराचा अभ्यास करणार आहेत. सात वर्षं मी इथे टेक्निशियन. सिकलच्या किती स्लाइडी ह्या हातांनी केल्या त्याला गणती नाही. ओळख करून दिली तेव्हा म्हणाले, "अच्छा, अच्छा." मग वॉर्डातून आलेला कागद बघितला आणि — "अरे! ही प्रेमलता तुमची बहीण? मग आधी सांगायचं!"

तेव्हा कुठे माझ्याकडे नीट पाहिलं.

म्हणजे इथेही तीच.

६ जानेवारी

घुशे डॉक्टर प्रेमापाशी पाऊण तास. माझ्याशी दिवसभरात चार वाक्यं — त्यातलं एक "खिडकी लावा."

११ जानेवारी, सोमवार

शनिवारी आईबाबांचं रक्त घेतलं. तीस वर्षं उमरेड-नागपूर एस.टी. चालवलेला माणूस, सुई बघून डोळे घट्ट मिटून बसला! आज दोघांना बोलावून डॉक्टरांनी कागदावर आमच्या घराचा नकाशा काढला. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. बाबांचा चौकोन अर्धा काळा. आईचा गोल अर्धा काळा. प्रेमाचा पूर्ण काळा.

डॉक्टर सांगतात छान, हे मान्य करायला हवं. म्हणाले, शरीरातल्या प्रत्येक कामाची जीन आपल्याकडे दोन-दोन असते. एक आईकडून, एक वडिलांकडून. रक्तातला लाल पदार्थ — हिमोग्लोबिन — बनवणाऱ्या जीनमध्ये एक बारीकशी चूक झाली की रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नसांत अडकते. मग दुखतं. दोनातली एक जीन चांगली असली तर काम भागतं. तुम्हा दोघांकडे एक चांगली, एक सिकलची. प्रेमलताला दोघांकडून नेमकी सिकलचीच आली.

"म्हंजे आमच्यापायी झालं हे?" आई.

"कुणापायी नाही. चिठ्ठ्या उचलल्यासारखं असतं ते."

मग बाबांनी विचारलं, "अन् मोठीच्या वाट्याले?"

बाबांनी विचारलं! मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

मी सांगितलं, माझी स्लाइड ट्रेनिंगमध्येच केली होती. आम्ही सगळ्या मुलींनी एकमेकींचं रक्त तपासलं होतं. माझ्या पेशी वाकड्या झाल्या. सर म्हणाले होते, तुला आजार नाही म्हणजे तू वाहक — अर्धी. डॉक्टरांनी "बरं" म्हणून माझा गोल अर्धा काळा केला. विषय संपला. आई रस्ताभर पदराने डोळे पुसत होती. तिच्यासाठी.

१९ जानेवारी, मंगळवार

मधुसूदन आज डबा खायला आला नाही. तो कागदपत्रांच्या विभागात कारकून. वाडीला खोली करून राहतो, एकटा. गेली तीन वर्षं आम्ही दुपारी मागच्या व्हरांड्यात डबा खातो — मी, तो आणि प्रयोगशाळेतल्या आमच्या इंदुताई. त्याला माझी चटणी आवडते. मी दोन माणसांपुरती आणते. इथे लिहायला काय हरकत आहे — कोण वाचणार आहे — मी सत्तावीस वर्षांची आहे, आणि मला वाटत होतं की ह्या चटणीतून काहीतरी होईल.

कुठे होता विचारलं. "केस पेपर द्यायला वॉर्डात गेलो होतो. तुमच्या बहिणीशी बोलत बसलो. फार हसवतात हो त्या!"

दुखणं कमी झालं की ती हसवते. मला ठाऊक आहे.

७ फेब्रुवारी, रविवार

मधुसूदन घरी आला. प्रेमाची चौकशी करायला! वाडीहून हुडकेश्वर रोड — सायकलने — म्हणजे अख्खं नागपूर ओलांडून. प्रेमा भरतकामाचे नमुने काढते, तर तिच्यासाठी ऑफिसातले पाठकोरे कागद घेऊन आला, दोऱ्याने नीट बांधून. आईने पोहे केले. बाबांनी त्याला उमरेड रोडवर एकदा बस बंद पडली होती ती गोष्ट सांगितली. म्हणजे माणूस पसंत.

मी मोरीत भांडी घासत होते. आतून प्रेमाचा आवाज — "ताई, ये नं वं इकडं! हे काय सांगून राहिले पाह्य!"

गेले नाही. हात राखेने भरले होते.

८ फेब्रुवारी

तीन वर्षांत मला त्याने एक पाठकोरा कागद दिला नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

काय काय आठवत बसले आज. विहिरीचं पाणी मी भरायचं, प्रेमाला गारठा बाधतो. दुधावरची साय प्रेमाला, तिच्या अंगात रक्त नाही. तिचं दप्तर मी वाहायचं. आई तिच्या अंथरुणात झोपायची, माझ्या कधीच नाही. सुटीत उमरेडला आत्याकडे जायचो तेव्हा बाबा तिला ड्रायव्हरच्या केबिनमध्ये जवळ बसवायचे, मांडीवर घोंगडी घालून. मी मागे, कोंबड्यांच्या टोपलीशेजारी. एकदा तिथून मला बाबांचं नुसतं डोकं दिसत होतं आणि तिच्या रिबिनी.

ती वाईट असती तर सोपं झालं असतं. वाईट नाही ती. आपल्या वाटची साय ती माझ्या भाकरीवर लावायची, चोरून. ते मला आणखीच झोंबायचं.

२ मार्च, मंगळवार

दुपारी मधुसूदन म्हणाला, "जरा एकट्यात बोलायचं आहे." इंदुताई हसून उठून गेल्या. मी घाईघाईने पदर सारखा केला — काय मूर्ख आहे मी!

तो म्हणाला, "ताई, तुम्ही बाबांना विचारून पाहाल का?"

ताई! तीन वर्षं सुभद्राबाई होते. आजपासून ताई.

त्याला प्रेमाशी लग्न करायचं आहे. आजार माहीत आहे. "केस पेपर मीच तर लावतो ना. सगळे वाचलेत. सात वर्षांच्या असल्यापासूनचे." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. माझा एक तरी कागद कुणी असा वाचला असता!

मी म्हटलं, विचारते.

३ मार्च

विचारलं. आई देवापुढे साखर ठेवून आली. बाबा एवढंच म्हणाले, "मोठीच्या आधी?" आई म्हणाली, "मोठीचं काय, मोठीले केव्हाही भेटल."

९ मार्च, मंगळवार

घुशे डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सगळे आले. डॉक्टरांनी पुन्हा गोल-चौकोन काढले. प्रेमाकडे द्यायला फक्त सिकलचीच जीन आहे, दोन्ही त्याच. मधुसूदनकडे दोन्ही चांगल्या असतील तर सगळी मुलं अर्धी होतील — वाहक. आजारी एकही नाही. पण मधुसूदन स्वतः वाहक असेल तर प्रत्येक मुलाच्या वेळी निम्मा धोका, ते मूलही प्रेमासारखं निघण्याचा. "ह्या भागात वाहक पुष्कळ. तपासल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

प्रेमा तेवढ्यात म्हणाली, "वाहक निघाले तं मी नाही म्हणीन. माह्यासारखं दुखणं मी कोणाच्याच पोटाले देणार नाही." हसत नव्हती.

त्याचं रक्त मीच काढलं. दुसरं कोण काढणार! बाही वर केली, मी दोरी बांधली, शीर लगेच मिळाली. पहिल्यांदा त्याचा हात हातात धरला — तो असा.

मनात हिशेब चाललाच होता. मी अर्धी आहे. तो चांगला निघाला तर माझी निम्मी मुलं अगदी कोरी निघाली असती, नावालाही सिकल नाही. तिची एकही कोरी निघणार नाही. म्हणजे शास्त्रानेसुद्धा मीच बरी! असलं लिहू नये, पण लिहिते.

११ मार्च, गुरुवार

रिपोर्ट झाला. रक्त कागदी पट्टीवर ठेवून वीज सोडली की प्रत्येक हिमोग्लोबिनचा डाग आपापल्या जागी उमटतो. त्याच्या पट्टीवर एकच डाग, चांगल्याच्या जागी. सिकलच्या जागी काही नाही. लख्ख. डॉक्टर तीन आठवड्यांसाठी गडचिरोलीकडे गावांमध्ये गेलेत, म्हणून रजिस्टरमध्ये माझीच सही.

कागद माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. उद्या देते.

१२ मार्च

दिला नाही.

१५ मार्च, सोमवार

मधुसूदनने विचारलं. म्हटलं, नमुना गोठला, पुन्हा करावं लागेल. त्याने लगेच बाही वर केली! म्हटलं, आज नको, औषध संपलंय. खोटं बोलायला किती कमी वेळ लागतो.

२२ मार्च, सोमवार

प्रेमा अंगणात नमुना काढत बसली होती. हातातली पेन्सिल खाली न ठेवता म्हणाली, "ताई, रिपोर्ट वाईट आला न? म्हणून तू सांगून नाही राहिली."

मी दोरीवरचे कपडे काढू लागले.

"मले समजते वं. तू मले जपून राहिली."

मी काही खोटं बोलले नाही. नुसती गप्प बसले. ती गेल्यावर आरशात बघितलं — माझ्याच चेहऱ्याची शिसारी आली. तरी कागद खणातच आहे.

२७ मार्च, शनिवार

प्रेमाने त्याला नाही म्हणून कळवलं. स्वतः चिठ्ठी लिहिली. पाठकोऱ्या कागदावर. माझ्याच हाती दिली! दुपारी व्हरांड्यात त्याने वाचली, घडी केली, खिशात ठेवली. डबा उघडलाच नाही. मी चटणी पुढे केली तर म्हणाला, "नको ताई. इच्छा नाही."

मला वाटलं होतं, असं झालं की मला बरं वाटेल.

६ एप्रिल, मंगळवार

प्रेमा वॉर्डात. दहा दिवस ती नीट जेवली नाही, पाणी प्यायली नाही — आणि बाहेर हे ऊन. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालं की पेशी लवकर वाकड्या होतात. या वेळी छातीत दुखतंय. श्वास घेताना तोंडातून बारीक आवाज येतो, मांजरीच्या पिलासारखा. आई तिचे पाय दाबते आहे. बाबा वॉर्डाबाहेर जमिनीवर बसून.

हे मी केलं. चिठ्ठ्या उचलल्यासारखं नाही हे. हे मी केलं.

८ एप्रिल, गुरुवार

दुपारी इंदुताई रजिस्टर घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. बोट एका ओळीवर. "सुभद्रा, हा तपास तं मागच्या महिन्यातच झाला न? निकाल लिहिला आहे. कागद कुठं आहे?"

मी खण उघडला.

त्यांनी कागद वाचला, रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "मी कोणाले सांगणार नाही. तूच सांगशील."

९ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं. आधी घुशे डॉक्टरांना. ते म्हणाले, "नोकरी जाऊ शकते तुमची, कळतंय ना?" हो म्हटलं. मग म्हणाले, "आधी बहिणीला सांगा. बाकीचं मी नंतर बघतो."

प्रेमाचं दुखणं आज थोडं उतरलं होतं. कॉटपाशी उभी राहून कागद तिच्या उशीवर ठेवला. तिने वाचला. तारीख वाचली. पुन्हा तारीख वाचली.

"तुले ते आवडत होते."

विचारलं नाही तिने. नुसतं म्हणाली.

मी मान डोलावली.

"मंग सांगतलं काहून नाही? मी एका शब्दानं बोलली नसती त्यांच्याशी." नंतर भिंतीकडे तोंड करून — "इतले दिवस मी देवाले शिव्या देल्या, ताई. तुले द्याले पाह्यजे होत्या."

दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिल्या नाहीत.

१८ एप्रिल, रविवार

लग्न ठरलं. तेरा जून. घरच्या घरी, थोडक्यात. मधुसूदनला मी सगळं सांगितलं तेव्हा त्याने हात जोडले — रागाने की कशाने, कळलं नाही. म्हणाला, "आता काही बोलू नका." डब्याला येत नाही आता.

आईबाबांना प्रेमाने सांगूच दिलं नाही. "नमुना गोठला होता, एवढंच." माझं खोटं आता ती वापरते, माझ्यासाठी.

आणि तरी! आज आई तिच्यासाठी हिरव्या पातळाचा काठ बघत होती, तर मनात पुन्हा तेच — तिलाच, मला नाही. जातच नाही हे. कुठून आलं आहे माझ्यात — ह्याचीही कोणी पट्टी काढावी.

४ मे, मंगळवार

नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली, आणि घुशे डॉक्टरांच्या अभ्यासाचं निम्मं काम माझ्यावर. शिक्षा म्हणून दिलं असावं, पण मला आवडतं आहे.

आज त्यांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्याची जीन वेगळी. अकराव्या गुणसूत्रावर ह्या जीन ओळीने बसलेल्या आहेत — आधी गर्भातल्या, त्यांच्यापुढे मोठेपणीची. जन्मानंतर काही महिन्यांत गर्भातल्या जीनचं काम बंद होतं, मोठेपणीची सुरू होते. जीन कुठे जात नाही, नुसती बंद होते. म्हणून सिकलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं, मग दुखणं सुरू होतं.

मी म्हटलं, म्हणजे डेपोत ड्रायव्हर बदलतो तसं? पहिला उतरला, दुसरा बसला?

हसले. पहिल्यांदाच, माझ्या बोलण्यावर. म्हणाले, "अगदी! पण काही माणसांत पहिला ड्रायव्हर उतरतच नाही. दोघं मिळून गाडी चालवतात. सिकलच्या दोन्ही जीन असूनही अशा माणसाला फारसा त्रास होत नाही, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्या पेशींना वाकू देत नाही. आपल्या विदर्भात अशी माणसं बरीच असावीत असा माझा अंदाज आहे. का बंद होत नाही, कोण ठरवतं — अजून कुणाला माहीत नाही. तेच शोधायचंय."

ह्या अभ्यासासाठी घरंच्या घरं तपासायची आहेत. सुरुवात ओळखीच्यांपासून. "तुमच्या नकाशात एकच जागा कच्ची आहे — तुमची. नुसत्या स्लाइडवर अर्धी आणि पूर्ण यांत फरक कळत नाही. पट्टी काढून टाका एकदा."

११ मे, मंगळवार

आज वेळ मिळाला. इंदुताईंनी माझं रक्त काढलं. पाच नमुन्यांबरोबर माझाही लावला.

पट्टी वाळल्यावर पाहिली. मी वाहक, म्हणजे दोन डाग हवेत — एक चांगल्याचा, एक सिकलचा. दोनच होते. पण चांगल्याचा त्याच्या जागी नव्हता. थोडा मागे होता.

नमुने अदलाबदल झाले असणार. ऊन फार, डोकं ठिकाणावर नाही.

१२ मे

पुन्हा केली. एकटीच नमुना लावला, शेजारी कोणाचाही नाही.

तसंच.

१३ मे, गुरुवार

डॉक्टरांना दोन्ही पट्ट्या दाखवल्या. त्यांनी दुसरी तपासणी करायला सांगितली — रक्तात कॉस्टिक सोडा घालायचा, मोठ्यांचं हिमोग्लोबिन नासतं, गर्भातलं तग धरतं. किती उरलं ते यंत्रावर बघायचं.

प्रेमाचं मागे केलं होतं, तेव्हा शंभरात आठ उरलं होतं.

माझं एकोणतीस.

म्हणजे तो मागे राहिलेला डाग गर्भातल्याचा, आणि चांगली जीन माझ्याकडे नाहीच. एकही नाही. दोन्ही सिकलच्या. आईकडून एक, बाबांकडून एक — प्रेमाला मिळाल्या त्याच, तशाच. फक्त माझ्यातली गर्भातली जीन सत्तावीस वर्षं बंद झालेली नाही.

डॉक्टर उठून उभे राहिले. "सुभद्राबाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय आहात? एकाच घरात, सख्ख्या बहिणी — अहो, माझ्या अख्ख्या अभ्यासात तुमच्याइतकं महत्त्वाचं कुणी नाही!"

किती दिवस वाटत होतं, कुणीतरी असं म्हणावं.

मी विचारलं, मला मुलं झाली तर? "प्रेमलताच्या मुलांसारखंच गणित. कोरं एकही नाही." म्हणजे मार्चमधला माझा तो हिशेब — शास्त्राने मीच बरी — तोसुद्धा खोटा होता.

१६ मे, रविवार

घरी सांगितलं. बाबांना दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडेचनात. म्हणाले, "तू काहून बोलली नाही वं, बाई?" काय बोलणार होते? मलाच ठाऊक नव्हतं.

आई स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले. ती ओट्याला धरून उभी. म्हणाली, "तू नऊ वर्षांची होती. प्रेमाले दवाखान्यातून आणलं होतं त्याच दिवशी. तू म्हणे, आई, माह्येही गुडघे दुखते. मी तुले थापड मारली. म्हटलं, तिची नक्कल नको करू." माझ्याकडे वळली. "दुखत होते का गं तुह्ये खरंच?"

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. थापडही नाही. तेव्हापासून कधी काही दुखलं तर मी स्वतःलाच म्हणत आले — नाटकं करू नको.

आईने माझ्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. तिथेच, ओट्यापाशी खाली बसून. मी सत्तावीस वर्षांची घोडी — रडले. खूप रडले. आज रात्री तिने माझ्या शेजारी अंथरूण घातलं आहे.

प्रेमा सगळं ऐकत होती, पण काही बोलली नाही. जेवतानाही नाही.

१७ मे

प्रेमा बोलत नाही. लग्नाला महिना राहिला नाही आणि ती नमुने काढत नाही, पातळ बघत नाही. विचारलं, दुखतंय का? मान हलवली — नाही.

१९ मे, बुधवार

आज बोलली. मी वेणी घालत होते, ती दारात उभी.

"ताई, दोघींले सारखंच भेटलं न? आईकडून तेच, बाबांकडून तेच."

हो म्हटलं.

"मंग तुह्यं चालू राह्यलं अन् माह्यंच काहून बंद झालं?"

मी म्हटलं, हे डॉक्टरांनाही माहीत नाही गं.

ती गेली नाही. तिथेच उभी राहून माझ्या केसांकडे, हातांकडे, पायांकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघायचे तशी.